नाशकातून समुद्र ऐकणारी

फोन वाजला की ताई आधी उजव्या कानातली कुडी काढायच्या. फिरकी सोडवायची, कुडी समोरच्या स्टीलच्या बशीत ठेवायची आणि मग मोबाईल कानाला लावायचा. तोवर पलीकडचा माणूस ताटकळलेला असायचा. "बोला, ऐकतेय," त्या म्हणायच्या, आणि तेही इतक्या थकलेल्या आवाजात की नवखा माणूस ओशाळून विचारायचा, "ताई, नंतर करू का?"

"नको, आत्ताच सांगा. शेपूट उभं की आडवं?"

तुम्ही नेमके त्याच वेळी आमच्या ऑफिसात शिरला असतात, तर इथे गुरांचा व्यवहार चालतो असं तुम्हाला वाटलं असतं. त्यात तुमची काही चूक नसती. सातपूरला एका वर्कशॉपच्या डोक्यावर आमची भाड्याची खोली. खाली दिवसभर लेथ मशीन कुरकुरायचं, रस्त्यावर शिफ्ट सुटलेल्यांच्या मोटारसायकली, आणि वर आम्ही कोकण किनाऱ्यावर कुठे देवमासा दिसला, कुठे डॉल्फिन दिसले याची माहिती गोळा करत बसलेलो. कोळीवाड्यांतून, बंदरांवरून, कधी फिरायला गेलेल्या पर्यटकांकडून फोन यायचे. ते घेणं ताईंचं काम. आलेल्या खबरीचा नकाशावर ठिपका करणं माझं.

हे सगळं नाशकात का, असं लोक विचारायचे. कारण संस्था काढणारे सर नाशकातले आणि खोली त्यांच्या मेव्हण्याची. यापलीकडे काही कारण नव्हतं. पाटीवर कुणीतरी हौसेने मासा रंगवला होता. त्यामुळे महिन्यातून एखादा माणूस जिना चढून यायचा आणि बोंबील ताजे आहेत का म्हणून विचारायचा. मी चिडायचो. ताई शांतपणे त्याला सांगायच्या, "इथे फक्त खबर मिळते हो."

ताईंचा उभा जन्म एकलहऱ्याला वीज केंद्राच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला. साहेबांचा फोन साहेबांना, स्टोअरचा स्टोअरला, रात्रपाळीच्या माणसाला घरून बोलावणं आलं की त्याला शोधून जोडून द्यायचं. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला, एक्सचेंजच्या खोलीला कुलूप लागलं आणि ताई निवृत्त झाल्या. घरी नाशिकरोडला यजमान बातम्या लावून बसत. ताई म्हणायच्या, "तिकडेही आवाज, इकडेही आवाज. इकडे निदान कोणी माझं ऐकून घेतं." म्हणून त्या आमच्याकडे आल्या. समुद्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. माहेर देवळ्याचं, कांद्याच्या शेतात वाढलेल्या. दमल्या की पुस्तकी मराठी गळून पडायची आणि फोनवर एकदम अहिराणीतलं "कोन शे?" निघायचं. पलीकडचा कोळी गोंधळायचा, पण फोन ठेवायचा नाही.

शेपटाचा प्रश्न त्यांना सरांनी शिकवला होता, पण तो त्यांनी आपलासा केला. काही बंदरांवर अंगावर ठिपके असलेल्या अजस्र मुशीलाही, म्हणजे शार्कलाही, देवमासाच म्हणतात. मुशी हा मासा, तिचं शेपूट उभं. ती ते डावी-उजवीकडे हलवते. देवमासा आणि डॉल्फिन पिलांना पाजणारे, श्वासाला वर येणारे. त्यांचं शेपूट आडवं, वर-खाली हलणारं. ताई फोनवर बोलताना हे तळहाताने करून दाखवायच्या. समोरच्याला फोनमधून हात दिसत नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "मला दिसतो ना," त्या म्हणायच्या.

खबरी तरी कसल्या कसल्या यायच्या. एका पर्यटकाने उत्साहाने व्हिडिओ पाठवला. त्यात त्याची बायको होती, तिची टोपी होती, मागे एक काळा ठिपका होता. ताईंनी तो व्हिडिओ चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याला फोन केला. "भाऊ, तो ओंडका असावा. श्वास घेताना दिसला का?" तो म्हणाला, बायको म्हणते घेतला. ताई म्हणाल्या, "मग वहिनींना द्या फोन." वहिनींनी कबूल केलं की श्वास त्यांनीच घेतला होता, दचकून. मी हसत सुटलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्या बाईला, पुन्हा काही दिसलं तर नक्की फोन करा, असं सांगितलं आणि कुडी पुन्हा कानात घातली.

मला या कामाचा कंटाळा यायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. ठिपके वाढत होते, अहवाल जात होते, अहवालाची पोच येत होती. पुढे काय होतं हे कुणाला माहीत नव्हतं. ताईंनाही कंटाळा यायचा. पण त्यांचा कंटाळा वेगळ्या जातीचा होता. तो कामाच्या आड येत नसे. स्वयंपाकाला कंटाळलेली बाई पोळ्या लाटतच असते, तसा.

आता एका तांडेलाबद्दल सांगायला हवं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला खाडीच्या तोंडाशी एक वाडी आहे, तिथला हा माणूस. डॉल्फिनला ते लोक गादा म्हणतात. याचे फोन अगदी त्रोटक असत. "ताई, गादे. आडवं. पिल्लू संगती हाय." शेपटाचं उत्तर प्रश्नाआधीच देणारा तो एकटाच. ताई त्याला दादा म्हणत. त्याचा फोन आला की त्यांचा आवाज जरा कमी थकलेला वाटायचा, किंवा मला तसं वाटायचं.

एके दिवशी दुपारी त्याचा फोन आला तो नेहमीसारखा नव्हता. देवमाशाचं पिल्लू ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूत अडकलं होतं. पिल्लू म्हणजे लहान होडीएवढं. जिवंत होतं. सगळी वाडी किनाऱ्यावर जमली होती.

ताईंना काय सांगायचं ते पाठ होतं. ओल्या चादरी घाला. डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. परांखालची वाळू उकरून ओली ठेवा. भरतीची वाट पाहा. आणि काही झालं तरी शेपटाला दोर लावून ओढू नका, सांधा निखळतो. हे सगळं त्यांनी संथपणे सांगितलं. मी तोवर वन खात्याला, जनावरांच्या डॉक्टरांना फोन करत होतो. सगळे निघाले होते आणि सगळे लांब होते.

पण तुम्ही किनाऱ्यावरची माणसं पाहिली असतील. होडी वाळूत रुतली की काय करायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. दोर लावायचा, सगळ्या वाडीने धरायचा, एकाने आवाज द्यायचा आणि ओढायचं. पाण्यातली वस्तू वाळूत अडकली की ती ओढून पाण्यात घालायची, यात त्यांच्या लेखी विचार करण्यासारखं काही नव्हतंच. डोळ्यांदेखत जीव तडफडतोय आणि नाशकातली बाई म्हणते थांबा. कोण थांबेल?

फोन सुरूच होता. ताईंना आधी गलका ऐकू आला. मग ती लय. हैसा, म्हणून एकाचा आवाज, आणि मागून साऱ्यांचा. ताई खुर्चीतून उठल्या आणि ओरडल्या, "दोर सोडा! दादा, दोर सोडा!" खाली लेथवाल्याने मशीन बंद करून वर पाहिलं. मी त्यांना ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने पलीकडे जल्लोष झाला. तांडेल धापा टाकत म्हणाला, "गेला, ताई! पाण्यात गेला!"

"पोहतोय का?" ताईंनी विचारलं.

बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला. मग फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी पिल्लू पुढच्या पुळणीवर मेलेलं लागलं. डॉक्टरांनी पाहिलं, शेपटाचा सांधा निखळला होता. वाडीतल्या बायकांनी नारळ फोडला, पोरांनी खड्डा खणून त्याला पुरलं. हे आम्हाला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या वाडीचा फोन त्या दिवसापासून बंद झाला.

म्हणजे फोन चालू होता, पण कुणी उचलत नसे. तांडेल नाही, त्याचा भाऊ नाही. सर म्हणाले, "जाऊ द्या, दुसऱ्या वाड्या आहेत." मीही तेच म्हणालो. ताईंना ते पटलं नाही. "भाऊ, तिथे खाडीचं तोंड आहे. पुन्हा येणार ते. आणि तेव्हा ही माणसं आपल्याला विचारणार नाहीत. लाज वाटतेय ना त्यांना. लाजलेला माणूस फोन करत नाही, गुपचूप दोर काढतो." हे बोलून त्यांनी बशीतली कुडी उचलली. मग म्हणाल्या, "मी ओरडायला नको होतं."

दर सोमवारी त्या वाडीला फोन लावायच्या. कुडी काढायची, रिंग ऐकायची, कुडी घालायची. पाहून पाहून मलाच शीण यायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "मी जाऊन येते." गुडघे दुखणारी, कधी समुद्र न पाहिलेली बाई एसटीने एवढ्या लांब एकटी कशी जाणार, म्हणून मी सोबत गेलो. निघताना पाहतो तर देवळ्याहून भावाने पाठवलेली कांद्याची गोणी त्यांच्या पायाशी. "रिकाम्या हाती कशी जाऊ?" ती गोणी कोणी उचलायची याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. मी उचलली.

समुद्र दिसला तेव्हा त्या काय म्हणतील याची मला उत्सुकता होती. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "केवढा आवाज करतो हा. फोनवर बरा वाटतो."

तांडेलाच्या अंगणात बायका सुकट निवडत होत्या. ताई त्यांच्यात जाऊन बसल्या. पिलाचा विषय त्यांनी काढला नाही. गोणी सोडली, एकेक कांदा हातात देऊन हा उन्हाळ, हा टिकतो, टांगून ठेवा, असं सांगत बसल्या. तांडेलाची बायको म्हणाली, "एवढ्या लांबून कांदं घेऊन आलाव?" चहा झाला. दुसरा चहा झाला. तांडेल घरातच होता, दाराआडून त्याचे पाय दिसत होते.

अखेर तो बाहेर आला. साठीचा, आडव्या हाडाचा माणूस. उभ्यानेच बोलला. "ताई, तुमी ओरडलाव ते मला आयकू आलं होतं. पयला हात माजाच होता दोराला."

ताई म्हणाल्या, "मला माहिती आहे, दादा."

"एकदा जोर लागला की मागं घेता येत नाय. मानसं येड्यासारखी होतात. वाटतं, आपन वाचिवतोय."

"हो ना," ताई म्हणाल्या. "मग दोर आधीच दूर ठेवायचा. जोर लागायच्या आधी."

"पुढच्या वेळी फोन कराल ना?" ताईंनी विचारलं. तो समुद्राकडे पाहत म्हणाला, "बघू." कोकणातलं बघू म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. त्यात होकार नसतो आणि नकाराची जबाबदारीही नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने आम्हाला होडीतून नेलं. पाहुणचार म्हणून असेल. होडी खाडीबाहेर पडली आणि ताईंना मळमळू लागलं. त्या तळाला जाळ्यांवर डोळे मिटून आडव्या झाल्या, पदर तोंडावर घेतला. नेमके तेव्हाच गादे आले. होडीच्या दोन्ही अंगांनी, अगदी हाताच्या अंतरावर, करड्या पाठी वर येत होत्या आणि बुडत होत्या. मी, ज्याने त्यांचे ठिपके करण्यात एवढी वर्षं घालवली, मीही पहिल्यांदाच पाहत होतो. "ताई, उठा! बघा तरी!" मी त्यांना हलवलं. तांडेलही म्हणाला, "बाय, डोळं उघड."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात वर करून आम्हाला गप्प केलं. होडीचं इंजिन बंद होतं. त्या शांततेत बाजूने श्वास सुटला, फुस्स असा, ओला. मग त्याहून लहान एक. ताई तशाच पडून राहिल्या. गादे गेल्यावर म्हणाल्या, "एक आई होती, एक पिल्लू होतं." तांडेलाने मान हलवली. परतीच्या बसमध्ये मी त्यांना छेडलं, की एवढ्या लांब येऊन डॉल्फिन पाहायचा राहिला. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. ऐकला ना." त्या दिवशी त्या सुखात होत्या, हे मी खात्रीने सांगू शकतो.

पण वाडीचा फोन काही आला नाही. पावसाळा गेला, होड्या पुन्हा समुद्रात उतरल्या. बाकीच्या बंदरांवरून खबरी येत राहिल्या. ताई सोमवारी फोन लावत राहिल्या. आता तो कधीमधी उचलला जाई. तांडेलाची बायको बोलायची, कांदे टिकले म्हणायची, यजमानांच्या तब्येतीचं विचारायची. तांडेल फोनवर येत नसे. "तेवढा त्याचा फोन आला की झालं बघा," ताई म्हणायच्या. "एकदा स्वतःहून फोन करू दे त्याने. मग मी हे काम सोडते. थकले आता."

काम सोडायची वेळ आली नाही. एका सकाळी नाशिकरोडच्या घरी चहा ठेवताना त्या कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी सगळ्या वाड्यांना निरोप पाठवला. उत्तरं पुष्कळ आली. तांडेलाचं आलं नाही, मला ते अपेक्षितही नव्हतं. दहाव्याला रामकुंडावर गेलो तर तो घाटाच्या पायरीवर उभा. पांढरा सदरा, हातात पिशवी, एसटीने चुरगळलेला. गोदावरीकडे बोट करून एवढंच विचारलं, "हीच तुमची गोदावरी?" मी म्हटलं, हीच.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या देवळाच्या कळसावर बसलेले, एकही खाली उतरेना. तुम्ही ही वेळ अनुभवली असेल तर ती किती अवघड असते ते जाणता. मुलाने हात जोडून सांगितलं, बाबांना सांभाळू. सुनेने सांगितलं. भावाने देवळ्याच्या बोलीत काही सांगितलं. यजमान नुसते उभे होते. कावळा हलेना. मागे दुसरी माणसं त्यांचे पिंड घेऊन खोळंबलेली, गुरुजी घड्याळाकडे पाहत होते.

तेव्हा तांडेल पुढे झाला. कुणीही त्याला ओळखत नव्हतं. त्याने वहाणा काढल्या आणि पिंडासमोर, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "ताई, दोर हातात घेनार नाय. कोनाला घेऊ देनार नाय."

कावळा आला नाही. खरंच आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि पुढच्या लोकांना जागा करून दिली. तांडेल तिथेच उभा राहिला. "माजा शबूद तिला पटला नाय," तो मला म्हणाला. मी त्याला महामार्गाच्या स्टँडवर सोडलं, खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली.

ताईंच्या जागी नंतर कुणी नेमलं नाही. फोन मीच घेऊ लागलो, घाईघाईने, लेथच्या आवाजावर ओरडून. सर आता संस्था आवरती घ्यायचं म्हणत होते. मी विरोध करत नव्हतो.

अशात एका संध्याकाळी मी खोली बंद करत असताना फोन वाजला. तांडेल होता. त्याच खाडीच्या तोंडाशी पुन्हा एक पिल्लू अडकलं होतं, सकाळी. कुणाला कळवू, डॉक्टर कुठे आहेत, असं मी घाईने बोलू लागलो.

"आयका तरी," तो म्हणाला. "गेला तो. भरतीला गेला. लांबपर्यंत बघितला आमी, नीट पवत व्हता."

"मग मला सकाळीच का नाही सांगितलंत?"

"काय इचारायचं व्हतं? तिनं सगळं सांगून ठेवलेलं. बायकांनी घरातल्या चादरी आनल्या, लुगडी आनली. घागरी घेऊन रांग केली."

"आणि दोर?" मी विचारलं.

"दोर पोरांनी आनला व्हता. ओढू, ओढू म्हनून गलका केला. मी तो घेतला, येटोळं केलं वाळूत, आनि त्याच्यावर बसलो. दिवसभर. माजा पोरगा शिव्या देत व्हता, म्हातारा मारनार त्याला म्हनून. पुतन्यानं धरून उठवायला बघितलं. उठलो नाय. पानी आलं, माज्या कमरेला लागलं, तरी उठलो नाय. तो आपला आपन हलला, फिरला, मग उठलो."

त्याच्या मागे लाटा ऐकू येत होत्या, कुणी बाई कुणाला तरी चादरी पिळायला सांगत होती.

"तिच्या घरी सांगाल ना?" त्याने विचारलं.

सांगतो, मी म्हटलं. फोन ठेवला आणि ताईंच्या खुर्चीत बसून रडलो. त्या गेल्या तेव्हा रडू आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. मग तोंड धुतलं, खोलीला कुलूप घातलं आणि मोटारसायकल नाशिकरोडकडे वळवली.